सातव्या प्रश्नाचं उत्तर

शेंदूरजनाघाट
१८ नोव्हेंबर २०२४

गंगूअक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. पत्रातूनच ठेवतो, कारण हल्ली खाली वाकलं की उजव्या मांडीत आग होते. त्या मांडीबद्दलच लिहायचं आहे.

फोन का नाही केला म्हणशील. घरातला फोन शकुनजवळ असतो. सून चांगली आहे, पण ती आवाज मोठा करून फोन मधोमध ठेवते आणि सगळं घर भाजी निवडत ऐकतं. त्यात तुला कमी ऐकू येतं, म्हणजे मी ओरडणार. आणि जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही. उत्तर नत्थुजीच्या पत्त्यावर टाक. तो शेजारी आहे, त्याच्या पोटात राहतं. निदान चार दिवस तरी राहतं.

परवा आपल्या गजेंद्रच्या प्रणालीचं साक्षगंध झालं. तू गुडघ्यांमुळे आली नाहीस, म्हणून तुला खरी गोष्ट माहीत नाही. पोरगा नितेश, नांदगाव खंडेश्वरचा, माणसं चांगली. नितेशचे वडील, म्हणजे आपले व्याही, माझ्या उजव्या बाजूला बसले होते. त्यांना बोलताना हात हलवायची सवय. "आमचा नितेश म्हंजे..." असं म्हणून त्यांनी हात फिरवला आणि उकळत्या चहाचा अख्खा कप माझ्या मांडीवर.

बायका किंचाळल्या. गजेंद्र पाण्याची बादली घेऊन धावला. आणि मी बसलेलो. अक्का, मला कळलंच नाही! मी व्याह्यांकडे पाहून विचारलं, "हं, मंग? नितेश म्हंजे काय?"

व्याही उठले आणि चक्क माझ्या पाया पडले. "असा शांत माणूस म्या जनमात पायला नाई! आंगावर उकळता चाय पडला अन् बुढ्याची पापणी हालली नाई!"

मी शांत! कुकरची शिट्टी झाली तर मी अजून जागेवरून उठतो. तुला तर माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मांडीला फोड आले. तेही दुखले नाहीत. मग मी बोटाने चाचपून पाहिलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताएवढी जागा, जणू दुसऱ्याची मांडी आणून चिकटवली आहे. आत आग होते आणि वरून काही कळत नाही. आपल्या ग्रामपंचायतीच्या जुन्या भिंतीवर रंगवलेलं होतं: न दुखणारा, न खाजणारा, बधिर चट्टा. लहानपणी रोज वाचायचो. अक्षरं आता पुसली, पण मला पाठ आहेत. अक्का, मला महारोग झाला.

लग्न सोळा फेब्रुवारीला आहे. तिकडच्यांना कळलं तर नातीचं लग्न मोडेल. मी ताट वेगळं केलं आहे. घरी सांगितलं की नवस आहे. लग्न झालं की मी कुठेतरी निघून जाईन. तोवर कोणाला बोलू नको. तू दवाखान्यात होतीस, तुला यातलं समजतं, म्हणून लिहिलं.

तुझा भाऊ
उत्तम


अकोला, डाबकी रोड
२३ नोव्हेंबर

उत्तम,

आशीर्वाद आहेतच, ते तुला लागतात पण जास्त.

पहिले ते ताट सगळ्यांच्या ताटांत ठेव. मी एकतीस वर्षं दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांच्या दाराशी स्टूल टाकून बसले, ती झोपा काढायला नाही. महारोग म्हणू नको, कुष्ठरोग म्हण. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने नाही तर वर्षभर खायच्या, माणूस बरा होतो, घरात राहतो, लेकी-नातींची लग्नं लावतो. माझ्या डोळ्यांसमोरून किती गेले बरे होऊन. त्यासाठी कोणी कुठे निघून जात नाही. आणि तू जाणार कुठे? तुला मोर्शीच्या पुढे गेलं की घरची काळजी लागते.

दुसरं, बधिरपणाची कारणं एक नाहीत, पन्नास आहेत. तेव्हा मी विचारते त्याची नीट उत्तरं दे. एक: दोन्ही तळपायांना मुंग्या येतात का, मोजे घातल्यासारखं वाटतं का? साखरेच्या आजारात पायाच्या बोटांपासून सुरुवात होते. दोन: जीभ लाल, सोलल्यासारखी, फार थकवा? बी-बारा कमी झालं की तसं होतं. तीन: कंबरेतून पायात कळ उतरते का? तो मणका. चार: तू आणि नत्थुजी अजून 'औषध' घेता का, आणि किती? नसा त्यानेही मरतात. पाच: त्या जागी कातडीचा रंग बदलला आहे का? कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागते का? सहा: पायातली चप्पल न कळता निसटते का? सात: कमरेला काही घट्ट बांधतोस का?

आणि तपासून बघ. कापसाची बारीक वात कर, डोळे बंद, दुसऱ्याने टेकवायची, तू हो म्हणायचं. फोडांना मलम लाव आणि झाकून ठेव. न दुखणारी जखमच जास्त चिघळते.

प्रणालीचे फोटो शकुनने पाठवले. हिरवा शालू छान दिसतो. मला राहून राहून वाटलं, आईचा चांदीचा कमरपट्टा असता, तो मधे मोर असलेला, तर पोरगी काय दिसली असती! पण आईनेच तो मोडून टाकला, त्याला कोण काय करणार. तीस वर्षं झाली, मी अजून तिच्यावर चिडते बघ.

गंगू


शेंदूरजनाघाट
३० नोव्हेंबर

गंगूअक्का,

तुझं पत्र नत्थुजीने आणून दिलं. आधी त्याने वाचलं. तो म्हणतो पाकीट आपोआप उघडलं होतं.

तपासणी झाली. संत्र्याच्या बागेत आडोशाला, दुपारी. डोळ्यांवर दुपट्टा बांधला. कापूस नत्थुजीच्याच शेतातला होता, सरकीसकट. मी पहिल्यांदाच म्हणालो, "हो, लागला."

"आजून म्या कुठी लावला?" नत्थुजी म्हणाला.

"आता लागला."

"आता बी नाई लावला. बिडी पेटवून राहिलो."

असं सात वेळा झालं. तो लावत नव्हता तेव्हा मी हो म्हणत होतो, आणि लावला तेव्हा मी विचारत होतो, "अबे, लाव ना लवकर!" मग तो म्हणाला कापसाने भागत नाही, आणि त्याने संत्र्याचा काटा तोडला. पण घाईत डाव्या मांडीला टोचला. मी इतका ओरडलो की पलीकडच्या झाडावरची वानरं पळाली. शकुन धावत आली. बघते तर सासऱ्याचे डोळे बांधलेले, धोतर मांडीपर्यंत वर, आणि नत्थुजी हातात काटा घेऊन उभा.

"आबा, हे काय चालू हाय?" तिने विचारलं.

नत्थुजी म्हणाला, "नवसाचं हाय, बाई."

ती उलटी फिरली. संध्याकाळी आम्हा दोघांना लिंबूपाणी पाठवलं.

आता तुझे प्रश्न. तळपाय ठीक आहेत, खडा रुतला तर कळतो. साखर शिबिरात तपासली होती, नाही म्हणाले. जीभ आरशात पाहिली, लाल आहे, पण तेव्हा पान खाल्लं होतं. कंबरेतून कळ येत नाही. औषध फक्त थंडीत, तेही नत्थुजीचा मान राखायला. कातडीचा रंग आहे तोच, फोडांचे डाग सोडून. नस जाड लागते की नाही कळत नाही, मला सगळंच जाड लागतं. चप्पल निसटत नाही. बाकी कागद संपला.

आईच्या पट्ट्याचं आता कशाला काढतेस? मोडलेल्या वस्तूचं काय एवढं. जाऊ दे.

एक नवीनच लागलं आहे. व्याही गावभर सांगत फिरतात की उत्तमराव म्हणजे पोचलेला माणूस. परवा ते नांदगावहून दोन माणसं घेऊन आले, मला दाखवायला. मी भीतीने एक शब्द बोललो नाही. तर ते म्हणाले, "पाहा, मौन हाय."

उत्तम


अकोला
५ डिसेंबर

उत्तम,

कागद संपला म्हणतोस आणि खाली चार बोटं जागा कोरी आहे. सातव्या प्रश्नाचं उत्तर कुठे आहे?

मी उगीच विचारत नाही. आमच्या दवाखान्यात एक फौजदार यायचा. पोट मोठं, पट्टा घट्ट. त्याचीही मांडी बाहेरून अशीच बधिर, तळहाताएवढी, आणि आत आग. उभा राहिला की जास्त, बसला की कमी. त्याला वाटलं लकवा. डॉक्टरांनी पट्टा दोन भोकं सैल करायला लावला. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं आहे. म्हणून सरळ विचारते: तू धोतर कशाने कसतोस? करदोडा घट्ट झाला का? काही बांधतोस का?

शकुनचा फोन आला होता. बिचारी रडकुंडीला आली आहे. म्हणते, "आत्याबाई, आबा वेगळं ताट घेतात, आंघोळीले कडी लावून तास तास बसतात, चालले का छुमछुम वाजते. इच्यारलं तं म्हणतात, किल्ल्या हायेत. आपल्या घराले कुलूप तं एकच हाय!" तिला वाटतं तू संन्यास घेणार. मी तिला म्हटलं, जो माणूस ताकात मीठ कमी पडलं म्हणून गल्ली गोळा करतो तो संन्यास घेत नाही.

पण छुमछुम काय आहे, उत्तम?

१४ तारखेला शनिवारी डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला आहे. मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर आहेत. घरी सांग, अक्काला कानाचं मशीन घ्यायचं आहे, सोबतीला जातो. गजेंद्रला आणू नको. सकाळची गाडी धर, अमरावतीला बदल.

गंगू


शेंदूरजनाघाट
९ डिसेंबर

गंगूअक्का,

मी येणार नव्हतो. बागेत तोडा सुरू आहे, माल पिकला आहे, मजूर माझ्याशिवाय हिरवी फळंही तोडतात. असं लिहून पाकीटसुद्धा चिकटवलं होतं.

पण काल व्याही परत आले. या वेळी सात माणसं. मला ओट्यावर बसवलं आणि समोर उदबत्ती लावली. मी नको नको म्हणतो तर ते म्हणाले, "मोठ्या मानसाले अभिमान नसते." उदबत्तीचा निखारा उडून माझ्या मांडीवर पडला. धोतराला भोक पडलं, धूर निघाला, आणि मी तसाच बसून त्या माणसांना संत्र्यावरच्या कोळशी रोगाचा उपाय सांगत होतो. एका म्हातारीने माझ्या पायावर डोकं ठेवून विचारलं, "महाराज, आमच्या म्हशीचं काय?"

अक्का, मी घाबरलो आहे. आज निखारा, उद्या काय पडेल आणि मला कळणार नाही. येतो.

पण एक अट आहे. तू बाहेर बस. डॉक्टरीणबाईंसमोर तू आत यायचं नाहीस. माझ्या वयाचा माणूस, लाज वाटते.

सातव्या प्रश्नाचं उत्तर: करदोडा. काळा. सुताचा. बस.

उत्तम


अकोला
१५ डिसेंबर

उत्तम,

काल काय झालं ते मी लिहून ठेवते, कारण तू उद्या म्हणशील की असं झालंच नाही. या कागदाची एक झेरॉक्स माझ्याजवळ आहे.

तुझी अट मी पाळली. बाहेर बसले. डॉक्टरीणबाईंनीच दार उघडून विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे? हे कपडे सैल करू देत नाहीत." मी आत आले. तू टेबलावर धोतर दोन्ही हातांनी धरून बसलेला, जसं काही कोणी गाव लुटायला आलं आहे.

बाईंनी तुझे पाय तपासले. कापूस, टाचणी, तो थरथरणारा चिमटा पायाच्या बोटाला लावून, कोपरामागची नस, गुडघ्यामागची नस. सगळं ठीक. म्हणाल्या, "काका, हा कुष्ठरोग नाही. चट्टा नाही, नसा जाड नाहीत, जोर गेलेला नाही." तू तेव्हा रडायला लागलास. मीही लागले, खोटं का बोलू.

मग त्या म्हणाल्या, "कमरेच्या हाडाजवळून एक नस मांडीत उतरते. ती फक्त स्पर्श कळवते. तिथे काही दाबतंय का बघू."

"तिथी काई नाई," तू म्हणालास.

"बघू तर द्या."

"तिथी देवाचं हाय."

बाई हसल्या. मी म्हटलं, "देवाचं असो का दैत्याचं, सोड ते!" आणि मी ओढलं. मला माफ कर, पण मी मोठी आहे. लहानपणी तुझं धोतर मीच नेसवत होते.

आतून निघाली चिंध्यांची गुंडाळी. दोन वेटोळी, वरून सुतळीची गाठ, ती नेमकी उजव्या हाडावर रुतलेली. कातडीला चर पडला होता. बाईंनी कात्रीने सुतळी कापली. चिंधी सुटली आणि घुंगरं वाजली.

आईचा कमरपट्टा. मधे मोर. मोराच्या एका डोळ्यातला खडा नाही, तो मी सात वर्षांची असताना दाताने काढला होता.

बाईंनी अगदी हळू विचारलं, "काका, हे किती दिवसांपासून?"

तू म्हणालास, "दसऱ्यापासून. रात्रंदिवस."

"का?"

तू माझ्याकडे पाहिलंस, धोतर गोळा केलंस आणि दारातून निघालास. बहात्तराव्या वर्षी, सैल धोतरावर, इतक्या वेगाने माणूस पळू शकतो हे त्या दवाखान्याने पहिल्यांदाच पाहिलं. बाईंचं सांगणं अर्धंच राहिलं, ते मी ऐकलं: काही घट्ट बांधायचं नाही, वजन थोडं कमी करायचं, नस हळूहळू जागी होईल, आठवडे लागतील, महिनेही लागतील. घाबरायचं नाही. हे शेवटचं तुला कसं लिहून द्यावं असं त्या मला विचारत होत्या.

पट्टा माझ्या मांडीवर आहे. आता लिही. तीस वर्षांचं लिही. कागद संपला म्हणू नको, पाकिटात चार कोरे कागद टाकले आहेत.

गंगू


शेंदूरजनाघाट
२१ डिसेंबर

अक्का,

चारही कागद समोर ठेवून बसलो आहे. एकच पुरेल.

आई गेली तेव्हा तेराव्याच्या दिवशी तू म्हणालीस, पट्टा लेकीचा. स्वयंपाकघरात सुभद्रा मला म्हणाली, पट्टा सुनेचा. तुम्ही दोघी एकमेकींना वरण वाढत होतात आणि माझ्याकडे बघत होतात. मला वाटलं, एकीला दिला तर दुसरी जाते. तूही जाऊ नयेस आणि बायकोही जाऊ नये. म्हणून मी तोंडातून येईल ते बोललो: आईने मागेच मोडला. दोघी एकदम गप्प झाल्या. इतकं बरं वाटलं मला! वाटलं, चार दिवसांनी सांगू खरं. चार दिवसांनी सांगता आलं नाही. वर्षाने तर मुळीच नाही. सहा वर्षांपूर्वी सुभद्रा गेली, तिलाही सांगता आलं नाही. अक्का, ते मला लागतं.

पट्टा बागेतल्या मोटारीच्या खोलीत, भिंतीत विटेमागे होता. दसऱ्याला गजेंद्रने सौरपंप बसवायला ती खोली पाडायला काढली. मी आदल्या संध्याकाळी काढून आणला. घरात ठेवू कुठे? शकुन दिवाळीच्या आधी पत्र्याच्या डब्यातल्या डब्यातही झाडू घालते. ठरवलं, प्रणालीच्या लग्नात तिच्या कमरेला स्वतः बांधीन आणि तेव्हा सगळ्यांना सांगेन. तोवर माझ्या कमरेपेक्षा भरवशाची जागा कोणती? आई बारीक होती, मी नाही. म्हणून सुतळी. घुंगरं वाजू नयेत म्हणून चिंध्या.

पळून आलो कारण तू मारशील असं वाटलं. खरंच वाटलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा मला कळलं की मी हसून राहिलो. रडत रडत हसून राहिलो. महारोग नाही! शेजारच्या बाईने जागा बदलली.

पट्टा तूच ठेव. तुझाच आहे. प्रणालीला नथ करू.

तुझा खोटारडा भाऊ
उत्तम


अकोला
२ जानेवारी २०२५

उत्तम,

दहा दिवस मी लिहिलं नाही. आधी फार राग आला होता. मग राग उतरला आणि लिहायला बसले तर परत आला. असं तीन वेळा झालं.

तुला एक माहीत नाही. आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी दिवाळीला आले होते. मी आणि सुभद्रा विहिरीवर कपडे धूत होतो. ती म्हणाली, "बाई, मले वाटलं पट्टा तुमाले पायजे म्हणून तुमी नेला." मी म्हणाले, "अन् मले वाटलं तू दाबला." दोघींकडेही नाही म्हणजे आईनेच मोडला, असं म्हणून आम्ही दोघींनी मिळून आईला शिव्या दिल्या. पोटभर दिल्या. अशी म्हातारी कुठे असते का, लेकीलाही नाही, सुनेलाही नाही! तिथे आमची जी गट्टी जमली ती सुभद्रा जाईपर्यंत टिकली. दर दिवाळीला त्या पट्ट्यावरून आईला एकदा शिव्या द्यायच्या, मग फराळ करायचा, असा आमचा रिवाजच होता.

म्हणजे तू खोटं बोललास म्हणून आम्ही जवळ आलो. हे तुला सांगायचं नव्हतं, कारण तू आता छाती फुगवशील. फुगवू नको. आईची माफी मला एकटीला मागावी लागली. काल तिच्या फोटोसमोर पट्टा ठेवला आणि मागितली. सुभद्राच्या वतीनेही मागितली.

नथ-बिथ काही नको. पट्टा प्रणालीला जाईल. पण बांधणार मी. तू खाली बसून बघायचं. तोवर माझ्याकडे राहील, तुझ्याकडे एक दिवसही नाही.

मांडी कशी आहे?

गंगू


शेंदूरजनाघाट
२० जानेवारी

अक्का! अक्का!

मुंगी चावली!

आज सकाळी, बागेत, उजव्या मांडीला, बाहेरच्या बाजूला. लाल मुंगी. मी ओरडलो आणि मग कळलं की मी का ओरडलो. नत्थुजीला हाक मारली. तो म्हणाला, "कोन मेलं?" मी म्हटलं, "मुंगी चावली रे, मुंगी!" तो म्हणाला, "मंग मार तिले." मी कशी मारू, अक्का? मी तिला पानावर घेऊन झाडाच्या बुंध्याशी सोडून आलो. जेवायला बसलो तर शकुनने गरम भाकरीचा तुकडा चुकून मांडीवर पाडला. भाजलं! थोडंसंच, पण भाजलं! मी म्हटलं, "पोरी, अजून एक पाड." तिने गजेंद्रला बोलावलं. मग मी दोघांना सगळं सांगितलं, ताटाचं, भिंतीवरच्या अक्षरांचं. पट्ट्याचं तेवढं राखून ठेवलं. शकुन आधी हसली, मग रडली, आणि मग माझं वेगळं ताट उचलून तिने कोंबड्यांना दाणे टाकायला दिलं.

व्याह्यांनाही सांगितलं. आजच संध्याकाळी ते आले, म्हटलं हात जोडून, "मी संत-बिंत नाई. माझी मांडी बधिर होती. डॉक्टरीणबाईले इच्यारा." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "एवढं तेज हाय अन् थे मांडीवर ढकलते! वा रे मोठेपणा!" आता बारा माणसं येणार आहेत. म्हशीवाल्या म्हातारीची म्हैस व्याली.

पण अक्का, पट्टा कुठे ठेवलास? कपाटात ठेवू नको, कपाट पहिलं फोडतात. गादीखालीही नको. पिठाच्या डब्यात ठेवला तर सून चाळायला घेते. देवघरात तर मुळीच नको, सगळ्यांना आधी तेच सुचतं. बँकेत नको, किल्ली हरवते. तुझ्या गल्लीत भाडेकरू किती बदलतात हे तूच सांगत होतीस. दाराची कडी जुनी आहे. मागच्या खिडकीचा गज मी पाहिला, हाताने हलतो. तुला रात्री ऐकू पण येत नाही. मला तर विचार करून घास जात नाही. नीट बघ. डोळ्यांआड होऊ देऊ नको.

उत्तम


अकोला
३ फेब्रुवारी

उत्तम,

आशीर्वाद वगैरे नंतर.

तुझं पत्र येईपर्यंत पट्टा माझ्या कपाटात सुखाने पडला होता. ते वाचल्यापासून मी आधी कपाटातून काढला, मग गादीखालून काढला, मग पिठाच्या डब्यातून काढला. खिडकीचा गज खरंच हलतो. तू का सांगितलंस?

आज सकाळी माझ्या हातून गरम चहा मांडीवर सांडला. माझी सून प्रतीक्षा ओरडली, "आई! भाजलं!" मी म्हणाले, "कोणाले?"

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी मला बघितलं, माझ्या कमरेकडे बघितलं, खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ तोंडावर रुमाल धरून होत्या. सुतळी त्यांनीच कापली. म्हणाल्या, लवकर आलात, लवकर बरं वाटेल. आणि विचारलं, घरात अजून कोणी भाऊ-बहीण आहे का?

मी सोळाच्या आधी चार दिवस येते. पट्टा पिशवीत आणते, सगळ्यांसमोर, हातात. प्रणालीला बांधू तो सैल बांधू, दोन बोटं आत जातील इतका, आणि फोटो झाले की काढू. व्याह्यांना माझ्याबद्दल काही सांगू नको. तुझ्यासारखा एक पुरे.

आणि मला काही विचारू नको. सातव्या प्रश्नाचं उत्तर: हो.

गंगू